डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले नव्हते

नोव्हेंबर १९७१. रमजानचा पंधरावा रोजा, मगरिबची, सूर्यास्ताची नमाज होऊन अर्धा तास झालेला. मशिदीच्या ओट्यावर आम्ही पाच जण बसलो होतो — कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, उस्मानचाचा, कमिटीचेच आणखी दोघे, तरावीह पढवायला आलेले हाफिज बशीर, आणि मी. हाफिज बशीर यांचा गळा दाखवायला जालन्याच्या डॉक्टरकडे जाण्यासाठी कमिटीने मला पंधरा रुपये दिले होते. एसटीचे दोघांचे येण्याजाण्याचे पाच रुपये वीस पैसे, डॉक्टरची फी पाच रुपये, औषध तीन रुपये चाळीस पैसे. एकूण तेरा रुपये साठ पैसे. उरलेला एक रुपया चाळीस पैसे मी उस्मानचाचांच्या हातावर ठेवला.

हा हिशेब पैशापर्यंत बरोबर आहे. त्यानंतर मी जे बोललो ते खोटं होतं. ओट्यावरच्या पाचांपैकी दोघांना ते खोटं आहे हे माहीत होतं. आठ वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही — बायकोला नाही, आणि ज्या अल्लाहला सगळं माहीतच आहे त्याच्यापुढेही तोंड उघडून कधी म्हटलं नाही. आता वाहून वाहून थकलो आहे, म्हणून लिहितो. घरात आमची बोली दखनी, पण चोवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून गणित शिकवलं, त्यामुळे पेन हातात घेतलं की मराठीच येते. लोकांचं बोलणंही बहुतेक मराठीतच उतरवतो.

तुम्ही आमच्यापैकी नसाल तर थोडं समजावून सांगायला हवं. रमजानमध्ये रात्रीच्या नमाजनंतर आणखी वीस रकात नमाज होते, ती तरावीह. उभं राहणं, वाकणं, सजदा — अशी एक फेरी म्हणजे एक रकात. तिच्यात पुढे उभा राहणारा हाफिज, म्हणजे ज्याला सगळं कुराण तोंडपाठ आहे तो, रोज थोडं थोडं करत महिन्यात पूर्ण कुराण पढतो. तीस पारे, म्हणजे तीस भाग. आमच्याकडे सत्ताविसाव्या रात्री ते संपवायची रीत. पहिल्या बारा रात्री सव्वा सव्वा पारा, म्हणजे पंधरा. पुढच्या पंधरा रात्री एकेक पारा, म्हणजे पंधरा. ही वाटणी मीच करून दिली होती. रोज सव्वा-दीड तास, उभ्याने, मोठ्या आवाजात, आणि तेही दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या गळ्याने.

हाफिजच्या बरोबर मागे, पहिल्या ओळीत, आणखी एक जण उभा असतो. तो सामी. सामी म्हणजे ऐकणारा. त्यालाही कुराण पाठ असावं लागतं. पुढचा कुठे अडला, एखादी ओळ सुटली, एका जागेवरून तसल्याच दुसऱ्या जागेवर घसरला, तर मागच्याने नमाजमध्येच बरोबर शब्द मोठ्याने द्यायचा. याला आम्ही लुकमा देणं म्हणतो. लुकमा म्हणजे घास. पुढच्याच्या तोंडात विसरलेला घास द्यायचा, इतकं ते साधं आणि मायेचं काम आहे.

आमच्या गावात सामी मी होतो. गाव हसनाबादपासून तीन मैलांवर, घरं आमची चाळीस. गावात मला कुणी नुसतं मास्तर म्हणत नाही, हाफिज मास्तर म्हणतात. १९५० साली, सोळाव्या वर्षी, मी हिफ्ज, म्हणजे कुराणाचं पाठांतर, पूर्ण केलं. वडिलांनी माझ्या डोक्याला पगडी बांधली त्या दिवशी सगळ्या गावाला जेवण घातलं, हिंदूंच्या घरी वेगळा शिधा पाठवला. वडील पुढे अकरा वर्षं जगले, आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी सांगितलं की माझा मुलगा हाफिज आहे.

पाठ केलेलं कुराण फिरवत राहावं लागतं. रोज एक पारा फिरवला तर महिन्यात पूर्ण फेरी होते. एक पारा म्हणजे जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. मी मास्तर झालो, लग्न झालं, दोन मुली झाल्या, शिकवण्या लागल्या. रोजचा आठवड्याचा झाला, आठवड्याचा रमजानपुरता झाला. चाळीस मिनिटं नव्हती का माझ्याकडे? होती. ती गेली कुठे हे मी सांगू शकत नाही, आणि मी हिशेबाचा माणूस आहे.

एकाहत्तर साल आलं तोवर माझ्यात उरलं होतं ते एवढंच — दुपारी आजचा पारा उघडून दोन वेळा वाचला, की रात्री मागे उभा राहून ऐकता येत होता. चूक झाली तर कानाला बहुतेक वेळा टोचायची. पण कुणी म्हटलं असतं, या पुढे, आता तुम्ही पढा — तर पान उघडल्याशिवाय मला दहा ओळीही सलग येत नव्हत्या. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. हाफिजने कुराण विसरणं आमच्यात काय समजलं जातं, ते मी इथे लिहीत नाही. मला ते रोज आठवतं.

हाफिज बशीर टेंभुर्णीचे. त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे, बारीक अंगाचे. आमच्या गावात त्यांचा तो पहिलाच रमजान. आवाज असा की पहिल्या रात्री नमाज संपल्यावर लोक चपला शोधायचं विसरून तिथेच बसून राहिले. आणि त्या आवाजाला ते जपायचेही तसेच. एका चपट्या डबीत मुलेठीचे, ज्येष्ठमधाचे तुकडे असत, इफ्तारनंतर एक तुकडा गालात ठेवायचे. पाणी कोमट. हसनाबादहून लोक पोत्यात गुंडाळून बर्फ आणायचे, त्याला ते हात लावत नसत. चिंच नाही, लोणचं नाही. फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर दुपारपर्यंत बोलणं जवळपास बंद. काही हवं असलं तर खूण करायचे. तरावीहमध्ये दर चार रकातींनंतर थोडी विश्रांती असते, तेव्हा थर्मासच्या झाकणातून दोनच घोट गरम पाणी घ्यायचे. तो थर्मास माझ्या घरचा, पाणी माझी बायको झुबेदा भरून द्यायची.

एकदा इफ्तारला उस्मानचाचांनी भज्यांची परात त्यांच्यापुढे सरकवली.

“घ्या हो हाफिजजी. एका भज्यानं काय होऊन राह्यलं?”

“चाचा, भजं पोटात जातं, तेल गळ्यातच मुक्काम करतं,” हाफिजजी म्हणाले. “सत्ताविसावी रात होऊ द्या. मंग घमेलंभर खातो, तुमच्याच घरी बसून.”

“घमेलं माझं न्हाई, मास्तरच्या घरून आणा. त्यांच्याकडं मापून मिळंल.”

सगळे हसले, मीही हसलो. माझ्या मापून देण्याची गावात थट्टा व्हायची आणि मला ती आवडायची.

पढताना ते सुरुवात फार खालून करायचे. मला सांगितलं होतं त्यांनी — पहिल्या आठ रकातींत आवाज जमिनीवरून चालू द्यायचा, त्याला उडवायचं नाही. उडवला तर विसाव्या रकातीला तो परत येत नाही. मी हे ऐकून मान डोलावली होती. माझ्या गळ्याला असलं काही कधी करावं लागलं नव्हतं, कारण माझ्या गळ्यात काही नव्हतंच.

सातव्या रात्रीची एक गोष्ट मधेच सांगून टाकतो, पुढे ती लागेल. त्या दिवशी शिकवणी लांबली आणि पारा मी एकदाच वाचला. रात्री ऐकताना सगळं सरळ वाटलं, लुकमा द्यायची वेळ आली नाही. आठव्या रात्री हाफिजजींनी पहिल्या रकातीत जे सुरू केलं ते आजचं नव्हतं. तीन आयती, म्हणजे तीन वाक्यं, कालच्या पढल्या, मग आजचं धरलं. म्हणजे आदल्या रात्री त्या तीन सुटल्या होत्या. त्यांना स्वतःला नंतर कळलं आणि त्यांनी भरून काढल्या. मागे उभा असलेला मी — मला कळलंच नव्हतं. नमाज झाल्यावर मी वाट पाहत राहिलो की ते आता म्हणतील, मास्तर, काल लुकमा आला नाही. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं, माझ्या हातात दिलं आणि भाभींना सलाम सांगा म्हणाले.

बाराव्या रात्री थंडी अचानक वाढली आणि त्यांना सर्दी झाली. त्यातच भोंग्याची बॅटरी उतरली. ती हसनाबादला चार्जिंगला गेली, आणि दोन रात्री त्यांनी भोंग्याशिवाय पढलं. मागच्या ओळीपर्यंत आवाज पोचावा म्हणून त्यांनी तो उडवला. चौदाव्या दिवशी आवाजाला भेग पडल्यासारखं झालं. पंधराव्या रात्री मधेच तीन-चार ठिकाणी आवाज आलाच नाही, नुसती हवा आली. आमच्यात रात्र आधी आणि तिचा रोजा नंतर, म्हणून दुसरा दिवस पंधराव्याच रोजाचा; त्या दिवशी कमिटीने पंधरा रुपये काढले आणि मला त्यांच्यासोबत जालन्याला पाठवलं. दिवाळीची सुट्टी होती, मी रिकामा होतो.

डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधला, जीभ कापडाने धरून बाहेर ओढली, दुसरा छोटा आरसा घशात घालून बराच वेळ पाहिलं. मग हात धूत ते माझ्याशीच बोलले, कारण हाफिजजींना त्यांनी बोलूच दिलं नाही. आवाजाच्या तारांना सूज आहे आणि एका बाजूला रक्त साकळलंय, असं ते म्हणाले.

“दहा दिवस तोंड बंद. बोलणं नाही, पढणं नाही. आणि कुजबूजसुद्धा नाही बरं का. लोकांना वाटतं हळू बोललं की आराम मिळतो. कुजबुजताना तिथं उलट जास्त जोर पडतो.”

मी विचारलं, मग बरं होईल का?

“दहा दिवस पाळलं तर आवाज जसा होता तसा. नाही पाळलं तर मी शब्द देत नाही.”

हे सगळं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. वर औषधं, गुळण्या, वाफ, आणि शेवटची ओळ आवाजाच्या विश्रांतीची. तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. चिठ्ठी इंग्रजीत होती.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी मनात मांडणी करत होतो. उरल्या रात्री बारा, उरले पारे बारा, एकोणिसाव्यापासून तिसाव्यापर्यंत. दहा दिवस विश्रांती म्हणजे दहा पारे कुणीतरी दुसऱ्याने पढायचे. हाफिजजींनीही तेच मांडलं असणार. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग समोर केलं — तुम्ही पुढे उभे राहा. मग दोन्ही हात छातीशी जोडले. विनंती होती ती.

मी माझ्या गळ्याला हात लावला आणि खोकलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? मोजला नाही. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर कापूस फुटलेला होता आणि बाया वेचत होत्या, एवढंच मला आठवतं.

आता ओटा. इफ्तार झाली, मगरिब झाली, मी हिशेब दिला. उस्मानचाचांनी विचारलं, “पैशाचं राहू द्या मास्तर. डॉक्टर काय म्हणला ते सांगा. कागुद वाचा बरं.”

तो कागद वाचू शकणारा तिथे मी एकटाच होतो. मी वाचला. औषधाचं नाव वाचलं, किती वेळा घ्यायचं ते वाचलं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या वाचल्या, वाफ वाचली. शेवटच्या ओळीशी आलो — आणि कागदाची घडी घातली.

“बस? आन् पढायचं कसं?” चाचा म्हणाले. “आवाज तर पार बसला. दोन-चार रोज मास्तरच उभे राहा की म्होरं. तुमाला तर सगळं येतं.”

“माझाही घसा धरलाय कालपासून,” मी म्हणालो. “डॉक्टर म्हणाले, जपून पढलं तर चालेल.”

हेच ते. डॉक्टर म्हणाले, चालेल. तीन शब्द.

मी खरं सांगू शकत होतो. दोन्ही खरं — डॉक्टरांचं आणि माझं. माझं नको तर निदान डॉक्टरांचं. हाफिज नसेल तर छोट्या सूरतींवर, म्हणजे कुराणाच्या शेवटच्या लहान अध्यायांवर, तरावीह होते, तिला आमच्याकडे अलम-तराची तरावीह म्हणतात, पुष्कळ गावांत तशीच होते. कुराण पूर्ण झालं नसतं, गावाला थोडं खाली पाहावं लागलं असतं, बस. पण मग प्रत्येक जण विचारणार होता, आपले हाफिज मास्तर असताना अलम-तरा का? घसा धरला तर तो दोन दिवसांत सुटेल, तिसऱ्या दिवशी काय? ही बेरीज मी तिथे बसल्या बसल्या केली. उत्तर यायला वेळ लागला नाही.

हाफिजजी समोर बसले होते. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी नुसती मान आडवी हलवली असती तरी पुरे होतं. त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून चिठ्ठी घेतली, आणखी एक घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्यांनी मान का हलवली नाही, हा प्रश्न मी त्यांच्यावर टाकणार नाही. बोलायची मनाई त्यांना होती. मला नव्हती.

उस्मानचाचा भोळा माणूस. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला, “मंग दोघांचा बी इलाज करा. मास्तर, हाफिजजीसाठी गंगाराम गवळी अर्धा लिटर दूध देऊन राह्यला ना, त्यातलं निम्मं तुमी प्या, हळद टाकून. एक आवाज बसला तर दुसरा तयार पाहिजे.”

दूध वाढलं नाही, वाटणी झाली.

त्या रात्री एकोणिसावा पारा होता. जाणकार सांगतील, त्या पाऱ्यात एक सूरत अशी आहे की तीच दोन वाक्यं आठ वेळा येतात, आणि शेवटची सोडून दर वेळी पुढे वेगळ्या नबींची, पैगंबरांची हकीकत सुरू होते. भल्या भल्या हाफिजांचे पाय तिथे घसरतात. इशाच्या, रात्रीच्या नमाजच्या आधी मी घराच्या मागे, कडब्याच्या गंजीआड गेलो आणि पान न उघडता म्हणून पाहिलं. म्हटलं, पाहू तरी. दुसऱ्यांदा ती दोन वाक्यं आली आणि पुढे कोणते नबी हेच मला आठवेना. मी एकाची हकीकत दुसऱ्याला जोडत, फिरून फिरून त्याच दोन वाक्यांवर येत राहिलो. मग घरात येऊन गळ्याला मफलर गुंडाळला.

हाफिजजींनी तो पारा पढला. आठही ठिकाणं बरोबर. आवाज असा येत होता, जसा फाटक्या कापडातून वारा येतो.

झुबेदाने दोन पेल्यांत दूध दिलं तेव्हा ती हळूच म्हणाली, “घसा धरलाय म्हणता, आन् मघाशी गंगारामला हाक मारली ती वेशीपर्यंत गेली. नेमका राती धरतो का तुमचा घसा?”

मी तिच्यावर ओरडलो. म्हणजे पुन्हा घसा वापरला. दुसऱ्या दिवसापासून हाफिजजींच्या पेल्यात हळद आणि मिरं असायचं, माझ्या पेल्यात नुसतं दूध. मी तेही प्यायलो. सोळाव्या रात्रीपासून सत्ताविसाव्यापर्यंत बारा रात्री, रोज पाव लिटर. तीन लिटर दूध मी त्यांच्या गळ्यातलं प्यायलो.

मधल्या रात्रींबद्दल काय लिहू? दिवसा ते एक अक्षर बोलत नव्हते. जेवढं त्यांच्या हातात होतं तेवढं सगळं त्यांनी पाळलं. इफ्तारनंतर वाफ घेत होते, गुळण्या करत होते, पाटीवर लिहून काम सांगत होते. आणि रात्री उभं राहून सव्वा तासात सगळं खर्चून टाकत होते. बॅटरी चार्ज होऊन आली होती. मी माईक वीतभर अंतरावरून चार बोटांवर आणला, म्हणजे त्यांना जोर कमी लागेल. तेवढी दया मी दाखवली. भोंग्यातून तो घोगरा, तुटका आवाज गावभर जायचा, आणि लोकांना त्यात वेगळंच काही ऐकू यायला लागलं. म्हणाले, “काय दर्द आहे हो आवाजात!” बाविसाव्या रात्री मागच्या ओळीत माणसं हुंदके देऊन रडली. शेजारच्या वाडीवरून लोक यायला लागले, ओळी सहाच्या नऊ झाल्या. मी मागे उभा राहून ऐकत होतो. दर्द कशाचा आहे ते त्या नऊ ओळींत मला एकट्याला माहीत होतं, आणि मी मफलर सारखा करत होतो.

लुकमा द्यायची वेळ त्या बारा रात्रींत एकदाही आली नाही. त्यांनी एकही चूक केली नाही. मला कधी कधी वाटतं, ती चूक त्यांनी माझ्यासाठी होऊ दिली नाही. सातव्या रात्रीपासूनच त्यांना कळलं होतं की मागे कुणी नाही. — असं मला वाटतं. विचारलेलं नाही.

सत्ताविसाव्या रात्री कुराण पूर्ण झालं. शेवटच्या सूरतींना ओठ हलताना दिसत होते, माईक होता म्हणून ऐकू आलं. लोकांनी त्यांना हार घातले. मलाही एक हार घातला, सामी म्हणून. उस्मानचाचांनी खरोखरच घमेलंभर भजी तळवली होती. हाफिजजींनी एक उचललं, कपाळाला लावलं आणि परत ठेवलं.

ईदनंतर ते टेंभुर्णीला गेले. पुढच्या साली शाबानमध्ये, रमजानच्या आधीच्या महिन्यात, कमिटीने मला त्यांना पत्र लिहायला सांगितलं, या साली पण तुम्हीच या म्हणून. उत्तर चार ओळींचं आलं. जालन्याच्याच डॉक्टरला पुन्हा दाखवलं होतं, आता आवाज आहे एवढाच राहील असं ते म्हणाले, मला माफ करा, दुसरा हाफिज पाहा, मास्तरसाहेबांना सलाम. मी पत्र कमिटीपुढे वाचलं. ते मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. चाचा म्हणाले, अल्लाहची मर्जी. मी म्हणालो, हो. अल्लाहच्या नावावर मी माझं खातं टाकलं, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं.

त्यानंतरच्या रमजानपासून मी सामी म्हणून उभा राहत नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं. गाव अजून हाफिज मास्तरच म्हणतं.

या साली, रमजानला पंधरा दिवस असताना, मी टेंभुर्णीला गेलो. घरी सांगितलं की पोरीच्या स्थळाचं पाहायचंय. खरं कारण हे होतं की त्यांच्यापुढे बसून हे सगळं, आज इथे लिहिलं तसं, बोलायचं. एसटीत मी वाक्यं पाठ केली. पाच होती. पाचही पाठ झाली.

बाजाराचा दिवस होता. हाफिजजी पेठेत शिलाईचं दुकान चालवतात, एक मशीन, एक बाकडं. तरावीह पढवणं सुटलं, इमामत सुटली. केस पिकलेत, वय छत्तीस. एक बाई चोळीच्या मापाचं विचारत होती. ते पाटीवर आकडा लिहून दाखवत होते. मला पाहिल्याबरोबर मशीनवरून उठले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. “मास्तर,” म्हणाले. तो शब्द मी ऐकला असं म्हणता येणार नाही. ओठांवरून ओळखला.

त्यांनी मला समोरच्या हॉटेलात नेलं. हॉटेलवाल्याला दोन बोटं दाखवली आणि हळदीच्या डब्याकडे खूण केली. दूध येईपर्यंत मी पहिलं वाक्य तोंडात फिरवत होतो. बाजाराचा गलका होता, कुणीतरी कोंबड्यांचा भाव ओरडत होता. त्यांना माझ्या कानापाशी वाकावं लागलं.

“गला कैसा है अब आपका?”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. काळजी होती, किंवा काळजीसारखं काही होतं. मला वाचता आलं नाही. पाच वाक्यं होती माझ्याजवळ. पहिलं कोणतं हेच मला आठवेना.

“ठीक आहे,” मी म्हणालो.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि एक पेला माझ्याकडे सरकवला. त्यात हळद होती, वर मिऱ्याची पूड होती. मी सगळा प्यायलो. उठताना खिशात हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

दोन पेल्यांचा एक रुपया झाला. तो हाफिजजींनी हॉटेलवाल्याला दिला.